खार जरा जास्त

महानंदा गेली हे श्रीरंगने मानसिंगला सांगितलं नाही, पण कळलं ते त्याच्याच तोंडून.

बेंगळुरूतल्या पीन्या भागातल्या कारखान्यात जेवणाची सुट्टी नुकतीच संपली होती. मानसिंग लेथवर उभा होता. वॉचमनने येऊन सांगितलं की बाहेर कोणी आलंय. मानसिंगने बघितलं तर फाटकापाशी श्रीरंग. त्याच्याच बिल्डिंगमध्ये वरच्या मजल्यावर राहणारा पुण्याचा मुलगा, इंदिरानगरला ऑफिसात कॉम्प्युटरचं काम करणारा. गळ्यात ऑफिसचं ओळखपत्र तसंच लटकत होतं.

"काका, चला," श्रीरंग म्हणाला. "काकूंना स्वल्प बरं नाही."

स्वल्प म्हणजे थोडंसं, हे बेंगळुरूत सगळ्यांना ठाऊक असतं. पण श्रीरंग तो शब्द फक्त रिक्षावाल्यांशी बोलताना वापरायचा. मानसिंगशी तो पुण्याचं मराठी बोले. आज अर्धं शहर ओलांडून आला होता आणि त्याला एक लहानसा शब्द हवा होता, स्वतःच्या भाषेत तो सापडत नव्हता. मानसिंगला तिथेच कळलं.

त्याने आत येऊन मशीन बंद केलं. हाताला लागलेलं तेल भुशाने पुसलं, मग साबणाने धुतलं, मग पुन्हा एकदा धुतलं. मागोमाग आत आलेला श्रीरंग शेजारी उभा राहून वाट बघत होता. "काका, जरा लवकर," असं तो एकदाही म्हणाला नाही. त्यावरून तर राहिलेली शंकाही गेली.

मानसिंगची बायको महानंदा स्वयंपाकघरात पडली होती. श्रीरंगची बायको सुचेता विरजण मागायला खाली आली, दार उघडंच होतं. डॉक्टर आले तेव्हा बघण्यासारखं काही उरलं नव्हतं. हृदय, म्हणाले. मानसिंग घरी पोचला तेव्हा ओट्यावरची डाळ तशीच भिजत होती. ती कोणी फेकली, कधी फेकली, हे त्याला कधी कळलं नाही.

ते श्रावणातलं. मग दहावा झाला, तेरावा झाला, मानसिंगची थोरली बहीण ठकुबाई गावातल्याच कॉटनपेठेतून येऊन राहिली आणि परत गेली. मूलबाळ नव्हतं. मानसिंग पुन्हा कामाला जाऊ लागला. संध्याकाळी यायचा, कुकर लावायचा, भात आणि सार खायचा, झोपायचा.

आणि दीपावली जवळ आली.

जे. पी. नगरमधल्या त्या बिल्डिंगमध्ये पाडव्याच्या संध्याकाळी सगळी घरं गच्चीवर जमायची. हे महानंदाने सुरू केलेलं. बायका दिवाळीआधी पंधरवडा तळणाच्या धुरात उभ्या असतात, चकल्या नि शंकरपाळ्यांनी डबे भरतात, आणि ऐन सणाला त्यांच्यात बसायचं बळ राहत नाही, हे तिला पटत नसे. म्हणून गच्चीवर यायचं तर तिचा एक नियम होता. जे करताना बाई दमते ते आणायचं नाही. तळायचं नाही, लाटायचं नाही, ओट्यापाशी तासभर उभं राहायचं नाही. कोणी भिजवलेल्या मूगडाळीत काकडी नि खोबरं घालून कोशिंबीर आणायची. कोणी चुरमुऱ्यात कांदा, टोमॅटो, गाजर किसून घालायचं. कोणी दहीभात, कोणी पेरूच्या फोडींना तिखटमीठ लावून, कोणी नुसतंच ताक. सुचेता पहिल्या वर्षी पुरणपोळ्या घेऊन आली होती. महानंदाने डब्याचं झाकण उघडून बघितलं आणि म्हणाली, "घाम आलाय हिला. पुढच्या वर्षीपासून घाम आला तर डबा परत." आणि मग स्वतःच दोन पोळ्या खाल्ल्या.

महानंदा स्वतः गोज्जवलक्की करायची. जाडे पोहे मिक्सरमधून भरड काढायचे, चिंच-गुळाच्या पाण्यात भिजवायचे, वरून शेंगदाण्याची फोडणी आणि सुकं खोबरं. झालं. चूल लागते ती फोडणीपुरती. मोठं पातेलं भरून करायची आणि गच्चीवर मधोमध ठेवायची. त्या पातेल्यावरचं झाकण निघालं की जेवण सुरू. तोवर कोणी कशाला हात लावायचा नाही. असा काही नियम तिने सांगितला नव्हता, पण तशी सवयच पडून गेली होती.

दिवाळीच्या आधी सुचेता खाली आली. दारातच उभी राहिली.

"काका, यंदा गच्चीवरचं नको करूया ना? सगळ्यांचं तेच म्हणणं आहे. ग्रुपवर मेसेज टाकते मी तसा."

"का?"

"असं कसं, काका. काकू नाहीत."

ती जायला वळली तेव्हा मानसिंग म्हणाला, "टाकू नको मेसेज."

त्याला नीट सांगता येईना. पण एवढं त्याला समजत होतं की एक वर्ष खंड पडला की पुढच्या वर्षी कोणी विचारणार नाही. ज्याच्या त्याच्या घरी पाहुणे असतील, कोणी गावाला जाईल, आणि पाडवा नुसताच येऊन जाईल. महानंदाने उभं केलेलं असं बिल्डिंगमध्ये तेवढंच होतं. घरातली तिची भांडी, तिची लुगडी ही तर त्याचीच होती. गच्चीवरची संध्याकाळ मात्र सगळ्यांची होती. ती गेली तर महानंदा फक्त त्याच्याच घरातून नाही, सगळ्याच घरांतून गेली असं होणार होतं.

ठकुबाईला हे कळलं तशी ती दुसऱ्याच दिवशी सकाळी बस पकडून हजर.

"मान्या, डोकं ठिकाणावर आहे का तुझं? वर्ष सरलं नाही अजून. सण करणार तू?"

"मी नाही करत, अक्का. बिल्डिंग करते."

"बिल्डिंगला बायको होती काय? तुझी होती." ठकुबाईने पदर खोचला. "आपल्या घरात वर्षभर कढई चढत नाही, गोडाचं होत नाही. आई गेली तेव्हा बाबांनी दिवाळीला दिवासुद्धा लावला नव्हता. आणि तू गच्चीवर पंगत मांडणार. लोक तोंडावर बोलायचे नाहीत, पाठीमागे बोलतील."

"पाठीमागेच बोलतील ना? बोलू दे."

"तोंड बघ याचं. ती होती तोवर एक शब्द नव्हता तोंडात."

तळमजल्यावर भीमाचार्य राहत. मठातल्या पाठशाळेतून निवृत्त झालेले, कानडी, पण मानसिंगच्या घरचं मराठी ऐकून ऐकून त्यांना ते सगळं समजायचं. ठकुबाई तडक त्यांच्या दारात गेली. शास्त्र आपल्या बाजूने आहे याची तिला खात्री होती.

"आचार्य, तुम्हीच सांगा याला. वर्षाच्या आत सण करतात काय?"

भीमाचार्यांनी चष्मा काढून पुसला. "सण करू नये म्हणतात, अक्का," ते कानडीत म्हणाले. "जेवू नये असं कोणी म्हटलेलं नाही. आणि शोकाच्या घरी चूल पेटत नाही तर शेजाऱ्यांनी फराळ न्यायचा, ही रीत तुमच्यातही आहे ना?"

"आहे की. पण घरी न्यायचा."

"मग गच्चीवर नेतील. दोन जिने जास्त."

ठकुबाईने खोचलेला पदर सोडला. मग मानसिंगला म्हणाली, "सरी, होऊ दे. पण सणाचं म्हणून काही तुझ्या चुलीवर करायचं नाही. दिवे तू लावायचे नाहीत. आणि मी येणार नाही."

"सरी, अक्का."

म्हणजे गोज्जवलक्की दुसऱ्या कोणाच्या ओट्यावर व्हायला हवी होती. मानसिंगने महानंदाचं पातेलं फडताळातून काढलं, धुतलं आणि पाडव्याच्या दुपारी वरच्या मजल्यावर नेलं. सुचेताने दार उघडलं आणि पातेलं बघून दोन पावलं मागे सरली.

"यात? काका, मी माझ्या भांड्यात करते ना."

"यात कर. माप पातेल्याचंच आहे. माझ्या माहितीत दुसरं माप नाही."

सुचेताने पोहे भरड काढले, चिंच कोळली, गूळ विरघळवला. मानसिंग दाराशी खुर्चीवर बसून सांगत होता. आधी तिच्या हाताकडे बघत होता. पण पातेलं ओट्यावर ठेवलं, तिने त्यात हात घातला, बांगड्या कडेला वाजल्या, आणि मानसिंगने खुर्ची फिरवली. खिडकीकडे तोंड करून बसला. समोरच्या घराच्या बाल्कनीत कोणी आकाशकंदिलाची वायर ओढत होतं.

"सारपूड घातली, काका. हळद घातली. आता?"

"खार घाल. खार जरा जास्त पाहिजे."

"किती?"

"जिभेला लागलं पाहिजे. नाहीतर गुळाने सगळं मऊ पडतं."

"दोन चमचे घातले."

"अजून घाल की. महानंदा हात आखडायची नाही."

"अजून? काका, हे जास्त नाही होणार?"

"पोहे पितात सगळं," मानसिंग खिडकीकडे बघत म्हणाला. "घाल तू."

सुचेता थांबली. मग तिने अजून घातलं. चव बघायला तिने चमचा उचलला आणि परत ठेवला. महानंदाकाकू कधी चव बघत नसत. आधी देवापुढे वाटी, मग बाकीच्यांना. आज देवापुढे वाटी ठेवायची नव्हती, पण काकूंच्या पातेल्यात आपण चमचा बुडवून चाखायचं, हे तिला बरं वाटेना. तिने फोडणी ओतली, झाकण ठेवलं आणि वर एक रुमाल बांधला.

संध्याकाळी गच्चीवर घरं जमली. दिवे श्रीरंगने लावले, मोजकेच. मुलांना फटाके नकोत म्हणून सांगितलेलं होतं. सतरंजीवर डबे मांडले गेले. मूगडाळीची कोशिंबीर, चुरमुरे, पेरू, भीमाचार्यांच्या घरचा दह्याचा मातीचा मोठा सट. मधोमध ते पातेलं. सगळे आपापल्या डब्यांकडे बघत बसले. मुलंसुद्धा आयांच्या मांडीला चिकटून होती.

जिन्यावर पावलं वाजली. ठकुबाई. दम लागला होता.

"बघू नका असं," ती म्हणाली. "जेवायला नाही आले. उभी राहून जाते."

भीमाचार्यांनी आपल्या शेजारची जागा हाताने झाडली. ती बसली.

मानसिंगने पुढे होऊन रुमाल सोडला आणि झाकण काढलं. सुचेताने वाढलं. सगळ्यांनी पहिला घास घेतला.

मानसिंगच्या तोंडात मीठ गेलं. नुसतं मीठ. त्याने घास तसाच धरून ठेवला आणि आजूबाजूला बघितलं. श्रीरंग खाली मान घालून चावत होता. पलीकडच्या फ्लॅटमधल्या बाई शांतपणे ताकाचा पेला उचलत होत्या. भीमाचार्य डोळे मिटून गिळत होते. कोणी तोंड वाकडं केलं नाही. लोक खात होते. गेलेल्या बाईचा पदार्थ होता, तिचा नवरा समोर बसला होता, आणि पानातलं टाकायचं नाही असं प्रत्येकाने आपापलं ठरवलं होतं. पेले भराभर रिकामे होत होते.

मानसिंगने घास गिळला. दुसरा घेतला. हे असं खाऊन संपवतील आणि पुढच्या वर्षी कोणी येणार नाही, हे त्याला दिसत होतं. पण बोलायचं कसं? सुचेताच्या हाताचं होतं.

ठकुबाईने उभी राहून जाते म्हणत बशी घेतलीच होती. तिने एक घास घेतला आणि बशी खाली ठेवली.

"हे कोणी केलं? समुद्रात भिजवलेत काय पोहे?"

कोणाच्या तरी हातातला चमचा वाजला. सुचेताने हातातला डाव खाली ठेवला.

"काकांनीच सांगितलं," ती म्हणाली. "खारं जास्त घाल म्हणाले. मी विचारलं पण. तरी म्हणाले अजून घाल."

"मी मीठ कुठे म्हटलं?" मानसिंग म्हणाला. "मी खार म्हटलं."

"तेच ना, काका. खारं."

"खार गं! मिरची! तिखट!"

सुचेता बघतच राहिली. "खार म्हणजे तिखट?"

"मग काय! इतकी वर्षं हॉटेलात खाराबात म्हणून उपमा खातेस तो काय मिठाचा असतो?"

"मला वाटायचं गोड नाही म्हणून खारा. खारे शंकरपाळे असतात तसं..."

मानसिंगच्या घराण्याला या गावात कित्येक पिढ्या झाल्या होत्या. त्याच्या मराठीत कानडी असं मुरलेलं होतं की कुठला शब्द कुठल्या घरचा हे त्याचं त्यालाच ठाऊक नसे. खार हा शब्द कानडी आहे, हे त्याला या घटकेला, साठी ओलांडल्यावर, पहिल्यांदा समजलं.

पहिले हसले भीमाचार्य. मिटल्या तोंडाने, खांदे हलवत. मग श्रीरंग. "आचार्य, तुम्ही तर डोळे मिटून खात होता," तो म्हणाला. "आम्हाला वाटलं ध्यान लागलंय."

"प्रायश्चित्त समजून खात होतो," भीमाचार्य म्हणाले.

मग सगळेच हसले. सुचेता रडत हसत होती. मानसिंगही हसला. श्रावणानंतर पहिल्यांदाच. हसू आलं आणि लगेच त्याला दचकल्यासारखं झालं. त्याने ठकुबाईकडे बघितलं. ती बाह्या सारून पातेल्यापाशी आली.

"टाकायचं नाही," ती म्हणाली. "कोणाच्या घरी कोरडे पोहे आहेत? पातळ असले तरी चालतील. आचार्य, तो दह्याचा सट इकडे."

मुलं जिन्यावरून धावली. चार घरांतून पोहे आले. ठकुबाईने ते ताकाने भिजवून पातेल्यात मिसळले, वर सगळं दही ओतलं, कोशिंबिरीची काकडी त्यातच घातली, पेरूच्या दोन मुठीसुद्धा. काय झालं त्याला नाव नव्हतं. पण मीठ जागेवर आलं आणि लोकांनी दुसऱ्यांदा मागून घेतलं. पोरं सतरंजीवरून उठून गच्चीभर पळायला लागली. नेहमीच्या पाडव्यासारखं झालं. पलीकडच्या बाई म्हणाल्या की पुढच्या वर्षी कोशिंबीर त्या दुप्पट करतील, भलत्याच पदार्थात जाते. पुढच्या वर्षी, असं त्या म्हणाल्या. मानसिंगने ते ऐकलं.

डबे आवरताना सुचेता ठकुबाईजवळ बसली.

"अक्का, तुम्ही सांगा ना नीट. खार म्हणजे मिरची. कुठली मिरची? पूड की कुटून? फोडणीत की चिंचेच्या पाण्यात?"

ठकुबाई विचार करत बसली. "आमच्या घरी सारपुडीतच असतं सगळं. वरून कोणी घालत नाही. महानंदाचं वेगळं होतं. तिच्या आईकडचं असेल. खाल्लं की आधी गोड लागायचं, आणि मग कानामागून यायचं." ती मानसिंगकडे वळली. "तुला माहीत असेल की. काय घालायची रे ती?"

मानसिंग पातेलं पुसत होता. पुसत राहिला.

"मला नाही माहीत," तो म्हणाला.

"इतकी वर्षं खाल्लंस."

"खाताना कोण विचारतं, अक्का?"

ठकुबाईने त्याच्या हातातून पातेलं घेतलं आणि पालथं ठेवलं. सुचेता म्हणाली, "काका, आपण साध्या दिवशी करून बघू. सणाचं म्हणून नाही. एका वेळी एक मिरची. तुम्ही चाखायचं आणि सांगायचं, हे काकूंचं की नाही. पण पाठ फिरवून बसायचं नाही."

"सरी," मानसिंग म्हणाला.

पुढच्या रविवारी श्रीरंगचे आईवडील पुण्याहून आले. त्याच्या पुढच्या रविवारी सुचेता मोकळी होती, तिने खाली येऊन विचारलंही. मानसिंग म्हणाला, आज नको. तिने का म्हणून विचारलं नाही. तोंडात काकूंची चव आली आणि ओट्यापाशी सुचेता उभी असली तर काय करायचं, हे त्याचं ठरत नव्हतं. आणि चव आलीच नाही तर, हेही होतंच.

कोपऱ्यावरच्या दुकानातून त्याने मिरचीच्या दोन पुड्या आणून ठेवल्यात, एक ब्याडगीची आणि एक गुंटूरची. संक्रांत होऊन गेली. पुड्या अजून फोडलेल्या नाहीत.